माफी असावी, राव

लग्नाला सिस्टर गेल्या नाहीत तरी चालायचं, पण हळदीला मात्र न चुकता जायच्या. कारण हळदीला नवरदेव बनियनवर असतो. अंगभर हळद माखलेला तो गडी पाटावर बसलेला, भोवती करवल्यांचा दंगा, आणि त्यातून वाट काढत सिस्टर पुढे व्हायच्या. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि त्याच्या डाव्या दंडावरची हळद अंगठ्याने पुसून बघायच्या. क्षयाच्या लशीचा, बीसीजीचा, गोल डाग तिथे असतो. डाग बघून झाला की निकाल. "हा माजा." नाहीतर तोंड जरा वाकडं करून, "हा माजा न्हाई. लई वर टोचलाय." डाग त्यांचा निघाला तर नवरदेवाच्या गालावरून हात फिरवायच्या आणि जेवायलाही न थांबता घरी जायच्या. पस्तीस वर्षं एकाच भागातल्या पोरांना टोचत राहिलं की माणसाला असं वेड लागायचंच, असं लोक म्हणायचे. सुरुवातीला मीही म्हणायचो.

प्रवरेच्या काठाला, कोल्हार आणि बेलापूरच्या मधल्या पट्ट्यात आमचं सरकारी आरोग्य केंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. मी तिथे कंत्राटी फार्मासिस्ट म्हणून लागलो. दर अकरा महिन्यांनी साहेबांची सही झाली तर पुढचे अकरा महिने नोकरी. फार्मसीचा डिप्लोमा नवा होता, त्यामुळे टेबलावर नावाची पाटी वगैरे ठेवली होती. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ती पाटी वाचली आणि म्हणाल्या, "बरं, कंपाउंडर, बाही वर कर."

मी बाही वर केली.

"हा माजा न्हाई. श्रीरामपूरचा का?"

"हो."

"वाटलंच," म्हणाल्या आणि गेल्या. मला अगदी नापास झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी मला कंपाउंडर सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे माफी. कोणत्याही तान्ह्या पोराला सुई टोचण्याआधी त्या त्याच्या डोळ्यात बघायच्या आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणायच्या, "माफी असावी, राव. तुमच्याच कामाचं हाय." मुलगी असली की "माफी असावी, बाईसाहेब." यात चेष्टा अजिबात नसायची. नवीन आया खुदकन हसायच्या, सिस्टर हसत नसत. एकदा घाईच्या दिवशी मी म्हणालो, "सिस्टर, ओळीत वीस बायका बसल्यात. प्रत्येकाची माफी कशाला? त्याला कळतंय का?" त्यांनी सुई तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "त्याला न्हाई कळत. मला कळतंय की. इचारल्याबिगर दुसऱ्याच्या अंगात सुई घालायची म्हंजी माफी नगं व्हय मागायला?" पुढे मी तो विषय कधी काढला नाही.

आणि तिसरी म्हणजे म्हातारी. म्हातारी म्हणजे लशीचा फ्रीज. पेटीसारखा, वरून उघडणारा, अंगावर पोचे आलेला. रोज सकाळी आल्या आल्या त्या उलटा हात फ्रीजला लावून बघायच्या, पोराचा ताप बघतात तसा, आणि मला विचारायच्या, "म्हातारी कशी हाय?" आतल्या थर्मामीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं काम माझं होतं. मी म्हणायचो, "चार." त्या म्हणायच्या, "बरी हाय." लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, चार म्हणजे उत्तम. म्हातारीच्या पोटात लस सोडून दुसरं काहीही ठेवलेलं त्यांना चालत नसे. एकदा तपासणीला आलेल्या कुणा अधिकाऱ्याने आपला दह्याचा डबा त्यात ठेवला. सिस्टरांनी तो उचलला, बाहेर नेला आणि आवारातल्या कुत्रीपुढे उघडून ठेवला. अधिकारी जेवायला बसले तेव्हा कुत्री मिशा चाटत होती. त्या दिवशी आमचे साहेब लाल झाले होते.

साहेब म्हणजे केंद्राचे डॉक्टर. माणूस हुशार होता. हाताला गुण होता, बोलणं गोड होतं. अडलेली बाळंतपणं त्यांनी सहज सोडवलेली मी पाहिली आहेत. पण त्यांना वर जायचं होतं, आणि वर जायची एक वाट त्या साली आमच्या दारात आली. केंद्राला जिल्ह्याचा पुरस्कार मिळण्याची शक्यता होती आणि तपासणीला समिती यायची होती. शिमगा जवळ आलेला, ऊन तापायला लागलेलं. भिंती रंगवल्या, कुंड्या आल्या. समिती मंगळवारी सकाळी येणार आणि सोमवारी दुपारी आमच्या चहावाल्याचा फ्रीज बंद पडला. साहेबांनी मला बोलावलं. "थंड पेयांच्या बाटल्या आल्यात. लशीच्या फ्रीजमध्ये ठेव आणि बटण पार खाली कर. सकाळपर्यंत गारेगार झाल्या पाहिजेत."

"सिस्टर..." मी म्हणालो.

"सिस्टर फिरतीवर आहेत, तिकडूनच घरी जातील. मी सांगतोय ना?"

मी बटण फिरवलं. कारण सही मार्चमध्ये व्हायची होती. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

मंगळवारी सकाळी झाकण उघडलं तर थर्मामीटरचा काटा शून्याच्याही खाली. घटसर्पासह पाच रोगांवरची जी लस तान्ह्या पोरांच्या मांडीत देतात, तिच्या बाटल्यांत बर्फ झाला होता. मी साहेबांना दाखवलं. ते टाय नीट करत होते. "वितळतील की. बटण वर घे. आणि वहीत चार लिही, समिती वही बघेल." मी चार लिहिले. समितीने वही बघितली, थंड पेय घेतलं आणि स्वच्छता, टापटीप वगैरे शब्द बोलून गेली. दुपारपर्यंत बाटल्या वितळल्या, दिसायला अगदी पहिल्यासारख्या झाल्या. ही लस एकदा गोठली की मेली, पण तसं बाटलीवर कुठे लिहून येत नाही. बाटलीवर एक पांढरा चौकोन असतो, तो गरमीने लस बिघडली तर काळवंडतो. थंडीने बिघडली तर तो चौकोन काहीच बोलत नाही. त्या दिवशी आम्ही दोघंही सारखेच, मी आणि तो चौकोन.

बुधवार लसीकरणाचा. सिस्टरांनी फ्रीजला उलटा हात लावला. "म्हातारी कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हणालो आणि त्याच बाटल्या मोजून त्यांच्या निळ्या डब्यात भरून दिल्या.

हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

दोन गावं आणि एक ऊसतोड्यांचा तळ असं करून त्या संध्याकाळी परतल्या. दिवसभर बाटली हलवायची आणि सिरिंज भरायची, त्यात काही कळलं नव्हतं. आल्यावर अर्धी उरलेली बाटली त्यांनी हलवली, टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेल्या. परत येऊन बघतात तर बाटलीत वर स्वच्छ पाणी आणि तळाला पांढरा गाळ. चांगली लस हलवली की बराच वेळ दुधाळ राहते. त्यांनी पुन्हा हलवली, पुन्हा तेच. मग त्या खुर्चीवरून उठल्या, फ्रीजजवळ गेल्या, त्याच्या पोच्यांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हातारे, काय केलं गं तुला ह्यांनी?"

मी दारात उभा होतो. मला विचारलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो. त्यांनी फ्रीजला विचारलं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता कानाखाली बसते. पण त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. "कंपाउंडर, एक बाटली मुद्दाम गोठवून ठेव," म्हणाल्या. "आन् सकाळी शेजारच्या केंद्रातनं एक चांगली आन." कोणी किती चुकलं याचा त्यांनी त्या वेळी हिशेबच केला नाही. त्यांच्या डोक्यात आधी पोरं आली.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर तीन बाटल्या ओळीने ठेवल्या. एक शेजारच्या केंद्रातली चांगली, एक मुद्दाम गोठवून वितळवलेली, एक आमची. तिन्ही एकदम हलवल्या आणि आम्ही बघत बसलो. गोठवलेल्या आणि आमच्या बाटलीत गाळ एकाच वेळी तळाला बसला. चांगली तशीच दुधाळ.

"सतरा पोरांना टोचलंय म्या ह्यातलं," सिस्टर म्हणाल्या. "फुकट गेलं. परत द्यावं लागंल. आयांना सांगावं लागंल."

साहेब समजावणीच्या सुरात बोलले. "सिस्टर, त्या पोरांना काही झालं का? फार तर मांडीत एखादी गाठ येईल. पुढच्या महिन्यात पुढचा डोस आहेच. आपणच बोंब मारली तर उद्या गावात कोणी लस घेईल का? तुम्ही चार महिन्यांनी रिटायर व्हाल. मला अजून वीस वर्षं नोकरी करायची आहे."

"आन् त्या पोरांना सत्तर वर्सं जगायचंय, सायेब." आवाज चढला नव्हता. "घटसर्पाचं पोर म्या मांडीवर घेतलंय. नवी हुते तवा. गळा असा सुजलेला. त्याच्या आईनं मला इचारलं हुतं, बाई, टोचलं असतं तर वाचलं असतं का? तवापासनं म्या एक बी डोस वाया जाऊ दिला न्हाई."

त्या उठल्या, तीन बाटल्या डब्यात घातल्या आणि साहेबांना नमस्कार करून दुपारच्या एसटीने तालुक्याला गेल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंसमोर त्यांनी बाटल्या हलवल्या. गाळ बसल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?" सिस्टर म्हणाल्या, "तक्रार मागनं. आधी लस द्या." संध्याकाळी त्या नवीन बाटल्या आणि सगळ्यांना पुन्हा डोस देण्याचा लेखी आदेश घेऊनच परतल्या.

पुढचे तीन दिवस मी त्यांना मागे बसवून मोटरसायकल चालवत फिरलो. दारात जायचं, दोन बाटल्या उंबऱ्यावर ठेवायच्या, हलवायच्या आणि आईला म्हणायचं, बस, बघ. एक बाटली चांगली, एक आपली बुधवारची. "नासलेलं दूध परत तापवलं म्हनून त्याचं दूध हुतं का? तसं झालंय बघ. तुज्या पोराला आमी नासलेलं टोचलं. आमच्या केंद्रात झालं. परत टोचायला आले." बायका चिडायच्या. रात्रभर पोर कण्हत होतं म्हणून एकीने बाटल्या अंगणात फेकल्या. सिस्टर वाकल्या, मातीतून बाटल्या उचलल्या, पुसल्या आणि म्हणाल्या, "तुजं खरं हाय. म्या बी फेकल्या असत्या." आणि तिथेच पायरीवर बसून राहिल्या. तासाभराने ती बाई चहा घेऊन बाहेर आली आणि पोरही घेऊन आली. कोल्हारच्या एका आजीने पदर तोंडाला लावून मला विचारलं, "ह्या बाईला कुनी सांगितलं हुतं आमाला सांगायला? आमाला कळलं थोडंच असतं." शाळेपासून इतकी मोठमोठी माणसं पाहिली, पुढच्या रांगेत बसून भाषणं ऐकली, पण त्या पायरीवर बसलेल्या बाईएवढं मोठं कोणी मला दिसलेलं नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला आत घेतलं आणि दार लावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. सोमवारी फिरतीवरून परतताना सिस्टर केंद्रात आल्या, त्यांनी स्वतःच फ्रीजचं बटण फिरवलं आणि मी ते पाहिलं, असा माझा जबाब. "वरून चौकशी लागलीये. चावी त्यांच्याकडेही असते, वयामुळे झालं म्हणतील. फार तर पेन्शन काही महिने लांबेल. तुझं कंत्राट याच महिन्यात संपतंय, लक्षात आहे ना? उद्यापर्यंत सही कर." मी कागद घडी करून खिशात ठेवला. सही केली नाही आणि कागद फाडलाही नाही. घरी लग्नाची बोलणी चालू होती, मुलीकडच्यांना नोकरी सांगितली होती.

सोळा पोरं झाली होती. सतरावी पोर त्या ऊसतोड्यांच्या तळावरची, आणि तळ उठला होता. साहेब म्हणाले, एकच राहिली, सोडा. सिस्टरांनी ऐकलंच नाही. सकाळी त्या मोटरसायकलवर माझ्या मागे बसल्या, डबा मांडीवर. कारखान्याच्या आवारात जाऊन त्यांनी उसाने भरलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबून विचारलं, पाथर्डीकडच्या कुठल्या मुकादमाची टोळी, कुठे गेली. पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला आला होता, आठवड्याभरात माणसं गावाकडे पांगली असती. दुपारी एका गाडीवानाने सांगितलं, ती टोळी नेवाशाच्या अंगाला उतरलीय. माझ्या खिशात तो कागद होता आणि सगळ्या वाटेने तो मला टोचत होता. सिस्टरांना त्या कागदाचं ठाऊक होतं का? नक्की सांगता येत नाही. आमच्या केंद्राच्या भिंती पातळ होत्या.

उसाच्या पाचटाच्या कोप्या, मधे उभ्या गाड्या, बैल सोडलेले. ती आई भाकरी थापत होती. सिस्टरांना बघून उठलीच. "अगं माय, तुमी? हितवर?"

सिस्टरांनी उपड्या घमेल्यावर दोन बाटल्या ठेवल्या, हलवल्या, सगळं सांगितलं. पोरीला मांडीवर घेऊन आई बाटल्यांकडे बघत होती. एक तळाला बसली, एक दुधाळ राहिली. मग तिने विचारलं, "पर कुनी केलं ह्ये?"

प्रत्येक दारात हा प्रश्न आला होता आणि प्रत्येक दारात सिस्टरांचं उत्तर ठरलेलं होतं, आमच्या केंद्रात झालं. त्या दिवशी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. बाटलीकडे बघत बसल्या. माझ्याकडे तर त्यांनी पाहिलंही नाही.

"मी केलं," मी म्हणालो. "साहेबांनी सांगितलं आणि मी फ्रीजचं बटण फिरवलं. लस गोठलेली मला दिसली होती. तरी वहीत खोटा आकडा लिहिला आणि त्याच बाटल्या बाईंना भरून दिल्या. त्यांना माहीत नव्हतं."

आई माझ्याकडे वळली. "आन् आता खरं बोलाया कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

तिने पीठ लागलेले हात लुगड्याला पुसले आणि पोरीला सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. "टोचा."

सिस्टरांनी सिरिंज भरली. पोरीची मांडी पुसली. मी ते वाक्य ऐकायला थांबलो होतो, पण त्या थांबल्या. त्यांनी पोरीचं तोंड माझ्याकडे वळवलं. "आज माफी तू माग, कंपाउंडर."

मी गुडघ्यावर बसलो. अडीच महिन्यांची पोर. काजळाचे मोठे डोळे, कपाळावर तीट. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला काही कळत नव्हतं हे खरं, पण मला सगळं कळत होतं. "माफी असावी, बाईसाहेब," मी म्हणालो. पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. ते सिस्टरांनी म्हटलं आणि टोचलं.

परत येताना नेवाशात चहाला थांबलो. साहेबांचा कागद काढला. पाठकोरा होता. मी पेन मागून घेतलं आणि मागच्या बाजूला माझा खरा जबाब लिहिला, बटणापासून वहीतल्या त्या चारच्या आकड्यापर्यंत. सिस्टर शेजारी बशीत चहा ओतून पीत होत्या. कागद त्यांनी वाचला नाही. एवढंच म्हणाल्या, "अक्षर नीट काढ."

साहेबांची बदली झाली, केंद्राला जाहीर झालेला पुरस्कार काढून घेतला गेला. माझं कंत्राट पुढे वाढलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सिस्टर ठरल्या दिवशी रिटायर झाल्या. निरोपाच्या वेळी भाषण कर म्हटल्यावर त्या उठल्या, फ्रीजला उलटा हात लावला आणि परत येऊन खाली बसल्या. मी आता श्रीरामपूरला एका औषधाच्या दुकानात आहे. मुलीकडच्यांना मी सगळं स्वतःच सांगितलं. त्यांनी दोन महिने विचार केला आणि हो म्हणाले.

माझ्या हळदीला सिस्टर आल्या. मी पाटावर बसलेलो, बनियनवर, करवल्यांचा दंगा चालू. त्या वाट काढत पुढे आल्या, चष्मा नाकावर आणला, दंडावरची हळद अंगठ्याने पुसली. माझा डाग त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला होता. तो श्रीरामपूरचा होता, त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. तरी त्या वाकून वाकून बघत राहिल्या, आणि भोवतालच्या बायका निकालासाठी गप्प झाल्या.

"हा माजा," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढं एकदाच. मग माझ्या गालावरून हात फिरवून, जेवायला न थांबता, नेहमीसारख्या त्या घरी गेल्या.